चारनंतरचं पाणी

आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू आली, की ती वापरायची नसते. हा नियम कोणी केला ते मला माहीत नाही, पण तो मोडलेला मी जन्मात पाहिलेला नव्हता. कपबश्यांचा चांगला संच काचेच्या कपाटात बसून आमच्याकडे बघायचा आणि आम्ही कान तुटलेल्या कपातून चहा प्यायचो. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले दोन टॉवेल इतके जुने झालेत, की आता ते पाहुण्यांना द्यायच्या लायकीचे राहिलेले नाहीत. तरीही ते नवेच आहेत, कारण ते कोणी वापरलेले नाहीत. सोफ्यावरचं प्लॅस्टिक आम्ही काढलं नाही, ते आपणहून फाटलं. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे घडलं त्यात माझा एकट्याचा मूर्खपणा नव्हता, घराण्याचाही हातभार होता, एवढं लक्षात असू द्या.

प्रकरण सुरू झालं दवाखान्यात. आईला सहा महिन्यांत तिसऱ्यांदा थंडी वाजून ताप आला होता, लघवीला जळजळ होत होती, आणि ती मात्र येईल त्याला "वारं लागलं असेल" असं सांगत होती. त्याच खेपेत मुलीलाही नेलं होतं. ती सहावीत. तिचं पोट महिन्यातून एकदा तरी बिघडायचं आणि शाळा बुडायची. तिची स्वतःची त्याला फारशी हरकत नव्हती, तिच्या गणिताच्या बाईंची होती.

डॉक्टरीणबाईंनी आईला तपासलं आणि विचारलं, "आजी, दिवसभरात पाणी किती पिता?"

"भरपूर," आई म्हणाली.

आईचं 'भरपूर' मला माहीत आहे. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाला जे चिकटलेलं असतं, त्यालाही ती भरपूरच म्हणते. पण मी गप्प बसलो. मुलगी बसली नाही.

"खोटं! आजी चारनंतर पाणीच पीत नाही. घड्याळात चार वाजले की फुलपात्र पालथं घालते."

"चोमडी कुठली!" आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "चारनंतर का नाही पीत?"

आईने खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं ना मग."

या उत्तराचा अर्थ कळायला आमचं आवार माहीत पाहिजे. आवारात आठ घरं आहेत, मधे विहीर आहे, आणि मागच्या भिंतीला लागून तीन संडास आहेत. पहिल्याला दार आहे, पण कडी नाही. दुसऱ्याला कडी आहे, पण दाराची खालची फळी नाही. तिसऱ्याला दार, फळी, कडी सगळं आहे आणि शिवाय उत्तम प्रतीचं कुलूप आहे. त्याची किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नाही. त्यामुळे व्यवहार पहिल्या दोघांवर चालतो. बाहेर पावलं वाजली की आतल्या माणसाने खोकायचं, हा आमच्या आवाराचा कायदा. आठ घरांतल्या तीसेक माणसांचे खोकले आम्ही एकमेकांचे ओळखतो. कोणाला खरोखरचा खोकला झाला तर आवारात मोठा गोंधळ उडतो. तिथे जायला तीन पायऱ्या चढाव्या लागतात, त्यातली मधली तुटलेली आहे, आणि दिवा नाही. आई बहात्तर वर्षांची. गुडघे तिच्यापेक्षाही म्हातारे. एका हातात टमरेल, दुसरा हात भिंतीला, अशी ती दिवसाउजेडी कशीबशी जाऊन येते. अंधार पडल्यावर जायची वेळ येऊ नये म्हणून तिने सोपा उपाय काढला होता. चारलाच पाणी बंद.

"किती वर्षं चाललंय हे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"झाली असतील दहा-बारा. सवय झालीय हो. तहान काय, लागते आणि जाते."

"तहान जाते आजी, जंतू जात नाहीत. ते तिथेच घर करतात." मग त्या माझ्याकडे वळल्या. "मी गोळ्या लिहून देते. पण दर दोन महिन्यांनी मीच लिहून द्यायचं का? घरात संडास बांधा. यांना आडकाठी न होता जाता आलं पाहिजे, मग या पाणी पितील. आणि विहिरीचं पाणी उकळल्याशिवाय कोणी प्यायचं नाही. साबणाने हात धुवायचं तर लहान मुलांना सांगतात, तुम्हाला सांगू का?"

मी एका मोठ्या कचेरीत आवक-जावक विभागाचा प्रमुख आहे. कुठला कागद कधी आला आणि कुठे गेला, हे माझ्या वहीत चढल्याशिवाय तिथे पान हलत नाही. आणि माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांसमोर, माझी आई दहा-बारा वर्षं घसा कोरडा ठेवून संध्याकाळी काढत होती आणि त्याची माझ्याकडे नोंद नव्हती. दवाखान्यातून येताना मी सगळ्यांच्या दोन पावलं पुढेच चालत राहिलो. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

घरी आल्यावर मी उभ्याउभ्याच जाहीर केलं, "संडास बांधायचा. घरात."

"कुठे?" बायकोने विचारलं.

माझ्या आयुष्यातल्या बहुतेक योजना या एकाच शब्दावर आपटून फुटलेल्या आहेत. पण या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. मोरीच्या शेजारी अडगळीची खोली होती. तिच्यात एक बंद पंखा, तीन पायांचं स्टूल आणि माझी अठरा वर्षांची वर्तमानपत्रं होती. वर्तमानपत्रं टाकून द्यायचं मी कबूल केलं, तेव्हा मी खरोखरच मनावर घेतलंय हे बायकोला पटलं.

बातमी आवारात पसरायला एक सकाळ पुरली, कारण आमच्या बातम्या त्या रांगेतच पसरतात. शेजारच्या काकू रांगेच्या अनभिषिक्त प्रमुख. कोण किती वेळा आलं आणि कोण का आलं नाही, याचा त्यांना तोंडपाठ हिशेब असतो. त्या टमरेल खाली ठेवून माझ्याकडे आल्या.

"घरात? जिथे जेवायचं त्याच छपराखाली? मला बाई घास उतरायचा नाही."

"मधे भिंत आहे काकू."

"भिंतीला काय नाक नसतं?" मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि तुमच्या आई सकाळी येणार नाहीत मग? माझ्याशी बोलायचं कोणी?" हे त्यांनी इतक्या खरेपणाने विचारलं, की मला उगाच अपराधी वाटलं.

दुसरे सल्लागार मोजपट्टी मास्तर. हे आमच्या आवारातले निवृत्त विज्ञानशिक्षक. यांच्या खिशात कायम लोखंडी मोजपट्टी असते. पोरांची उंची, दोरीवरच्या कपड्यांचं अंतर, नव्या सायकलचा पल्ला, जे दिसेल ते मोजतात आणि आकडा मोठ्याने सांगतात. ते मला म्हणाले, "बांधा. अवश्य बांधा. फक्त शोषखड्डा विहिरीपासून पन्नास फूट लांब हवा, आणि उताराच्या अंगाला हवा. नाहीतर जे इकडून जाईल तेच तिकडून तुमच्या पेल्यात येईल." मी "हो हो" म्हणालो. मास्तरांना आम्ही सगळेच "हो हो" म्हणतो.

मग मी परवानगीच्या कचेरीत गेलो. आता, कचेरी या प्रकाराला मी भिणारा नव्हे. उलट, एक सहकारी दुसऱ्या सहकाऱ्याकडे चाललाय अशा थाटात मी खिडकीपाशी उभा राहिलो आणि अर्ज आत सरकवला. खिडकीतल्या गृहस्थांनी तो वाचला.

"घरात संडास नसल्याचा दाखला कुठंय?"

"नाही म्हणून तर बांधतोय."

"पण नकाशात तर दाखवलाय."

"तो होणार आहे, तो दाखवलाय."

"म्हणजे आत्ता नाही."

"नाही."

"मग तसा दाखला हवा. नसलेली वस्तू नाही, हे कोणीतरी बघून आलं पाहिजे ना साहेब."

हा मुद्दा ऐकून मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, मनातल्या मनात मी दाद दिली. असा मुद्दा मलाही वेळेवर सुचला नसता. मी दाखला मिळवला, आठवड्याने परत आलो. गृहस्थांनी सगळे कागद उलटसुलट करून पाहिले आणि परत माझ्याकडे सरकवले.

"भोक उजव्या कोपऱ्यात पाडलंय."

"मग?"

"डाव्या कोपऱ्यात हवं. कडेपासून एक इंच आत." आणि मग ते पहिल्यांदाच हसले. "ओळखलं नाहीत साहेब? दोन वर्षांपूर्वी मी तुमच्या खिडकीला आलो होतो. याच कारणासाठी तुम्ही मला तीनदा परत पाठवलंत."

मी ओळखलं नव्हतं. तीनदा परत पाठवलेली माणसं लक्षात ठेवायची म्हटली तर मला वेगळी वही घालावी लागेल. मी मान खाली घालून बाहेर आलो, कोपऱ्यावरच्या दुकानातून पंच विकत घेतला आणि पायरीवर बसून स्वतःच्याच नियमाप्रमाणे, कडेपासून एक इंच आत, सतरा कागदांना भोकं पाडली. त्यातलं एक जरा तिरकं गेलं. गृहस्थांनी ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. मला वाटतं, मी तो मारला नसता.

परवानगी मिळाली तशी गवंड्याला बोलावलं. आमचा गवंडी मोठा दिलासा देणारा माणूस. "साहेब, तुम्ही काळजीच सोडा," हे त्याचं वाक्य. मी काळजी सोडली आणि कचेरीत गेलो. संध्याकाळी येऊन पाहतो तर विहिरीच्या बाजूलाच छातीएवढा खड्डा आणि त्या खड्ड्यात खुर्ची टाकून मोजपट्टी मास्तर बसलेले. डोक्यावर छत्री, मांडीवर मोजपट्टी. वर कडेला गवंडी हताश उभा.

"दुपारपासून बसलेत," गवंडी म्हणाला. "उठतच नाहीत."

"अकरा फूट चार इंच!" मास्तर खड्ड्यातून ओरडले. "विहिरीपासून फक्त अकरा फूट चार इंच!"

"इथं माती मऊ आहे ना मास्तर," गवंडी म्हणाला. "खणायला बरं."

"माती मऊ आहे म्हणूनच ती सगळं विहिरीला नेऊन पोचवील! आठ घरं पाणी पितात इथलं. पोरीचं पोट बिघडतंय म्हणून बांधताय ना तुम्ही? मग आठ घरांतल्या पोरांची पोटं बिघडवून बांधणार का?"

मी म्हणालो, "मास्तर, वर या. चहा घेऊ."

"खड्डा हलवल्याशिवाय मी हलणार नाही."

सगळं आवार जमलं होतं. मला भयंकर संताप आला होता. आणि संतापाचं कारण हे, की मास्तरांचं शब्दन्‌शब्द बरोबर होतं. शेवटी आई दारात आली आणि म्हणाली, "मास्तरांचं ऐक. माझ्यासाठी विहीर नासायला नको." मास्तर आईला "धन्यवाद वहिनी" म्हणाले आणि वर यायला हात मागितला, तेव्हा कळलं की त्यांचे पाय केव्हाच आखडले होते. गवंडी आणि मी मिळून त्यांना बाहेर काढलं.

पन्नास फुटांपलीकडे, उताराच्या अंगाला, आमच्या हद्दीतली एकच जागा होती. फाटकापाशी. म्हणजे जिथे माझ्या नावाची पाटी आहे आणि पाटीखाली माझी खुर्ची आहे, जिथे बसून मी रविवारी वर्तमानपत्र वाचतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे नमस्कार स्वीकारतो. आता तिथे दोन शोषखड्डे आहेत, वर झाकणं आहेत आणि झाकणांवर माझी खुर्ची आहे. नमस्कार पूर्वीसारखेच येतात, पण करणाऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी असतं. असो.

बाकीचं काम झकास झालं. पांढऱ्या टाइल्स, उंच बसायचं भांडं, नळ, साबणाला कोनाडा. भिंतीला आईसाठी धरायचा दांडा बसवायचा होता. मास्तरांनी आईला दोनदा बसायला आणि उठायला लावून तिच्या मुठीची नेमकी उंची मोजली आणि गवंड्याकडून एका सुताचाही फरक न होता तो दांडा बसवून घेतला. दाराला आतून कडी, चांगली जाड. दिवाही बसवला. पाण्यासाठी बायकोने तोटीचं स्टीलचं पिंप आणलं, उकळलेलं पाणी गार करून त्यात भरायला.

आणि इथे आमच्या घराण्याने आपलं दर्शन दिलं.

पहिल्या दिवशी बायको म्हणाली, "आज नको कोणी जाऊ, आत्ताच पुसून घेतलंय." दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "टाइल्सचं सिमेंट पक्कं होऊ दे." तिसऱ्या दिवशी बायकोने दाराला पडदा शिवला. मी साबण वेष्टनातच ठेवला, ओला होईल म्हणून. नळावरचं प्लॅस्टिक काढलं नाही, ओरखडे पडतील म्हणून. पिंप तर खोक्यातच होतं. पाणी उकळून होत होतं खरं, पण ते जुन्याच माठात. रोज सकाळी आम्ही दार उघडून आत डोकवायचो, "काय चकचकीत आहे!" म्हणायचो, दार लोटून घ्यायचो आणि टमरेल उचलून मागच्या रांगेत जाऊन उभे राहायचो. काकू विचारायच्या, "झाला ना तुमचा?" मी म्हणायचो, "झाला की. छान झालाय."

दुसऱ्या आठवड्यात मेहुणा आणि त्याची बायको आली, तेव्हा त्यांना मात्र आम्ही आग्रह करकरून पाठवलं. मेहुणा बाहेर येऊन म्हणाला, "हॉटेलसारखं आहे!" ते गेल्यावर बायकोने सगळं घासून धुतलं आणि मी दाराला बाहेरून कुलूप लावलं. किल्ली खिळ्याला अडकवली. पाहुण्यांसाठी राखीव वस्तूंमध्ये आता कपबश्या, टॉवेल आणि संडास असे तीन नग झाले.

आणि आई? आईला विचारलं तर ती म्हणायची, "माझं काय घाईचं आहे? आधी तुम्ही वापरा. नव्याला लगेच कशाला खराब करायचं?" चारचे ठोके पडले की ती फुलपात्र पालथं घालायची. मुलगी ते बघायची आणि मग माझ्याकडे बघायची. मी वर्तमानपत्र वर धरायचो.

महिना उलटत आला आणि एके दुपारी साडेचारच्या सुमारास फाटकाशी सायकल थांबली. खिडकीतले गृहस्थ! काखेत फाइल, कानावर पेन. "वापराची पाहणी," ते म्हणाले. "महिन्याच्या आत वापर सुरू झाला नाही तर परवानगी रद्द. खड्डे बुजवायचे आणि अर्ज पहिल्यापासून."

मी ऐटीत त्यांना आत नेलं, किल्ली काढली, कुलूप उघडलं. कुलूप उघडताना पाहिलं तेव्हाच त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या. त्यांनी नळावरच्या प्लॅस्टिकवर टिचकी मारली. साबण उचलून वेष्टन वाचलं. भांड्यावर चिकटलेली कागदी चिठ्ठी नखाने उचकटून पाहिली.

"हे दुकान आहे का साहेब?"

"नाही, म्हणजे... जपून वापरतो."

"कोण वापरतं?"

"मेहुणा येऊन गेला."

"मेहुणे अर्जदार आहेत?"

"नाहीत."

त्यांनी फाइल उघडली आणि मला दिसेल अशा बेताने लिहायला घेतलं: 'वस्तू प्रदर्शनात आहे, वापरात ना...' मी त्यांचा हात धरला. आयुष्यात मी कुठल्याही कारकुनाचा लिहिता हात धरलेला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे पाहा, घरातल्या कोणीतरी वापरलेलं मला दिसलं पाहिजे. आत जाताना आणि बाहेर येताना. मधलं नको."

तोपर्यंत सायकल पाहून काकू आल्या होत्या, काकूंना पाहून मास्तर आले होते, आणि अंगणात बाकीचं आवार होतं. मी बायकोला म्हणालो, "तू जा." ती म्हणाली, "इश्श, तुम्ही जा. अर्ज तुमच्या नावावर आहे." मुद्दा कायदेशीर होता. मी गेलो. कडी लावली. बाहेर इतकी शांतता पसरली, की मला मास्तरांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. पाच मिनिटांनी मी बाहेर आलो.

"झालं?" गृहस्थांनी पेन उचललं.

"नाही जमलं."

अंगणात कोणीतरी हसलं. मला वाटतं काकूच. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं, पण पोटात घ्यायला ती फाटकापाशी दोन ठिकाणी आधीच मोकळी करून ठेवलेली होती, आणि तिथे जायची माझी तयारी नव्हती.

इतक्यात मुलगी स्वयंपाकघरातून आली. तिने खोक्यातून पिंप कधी काढलं, धुतलं कधी, भरलं कधी, आम्हाला पत्ता नव्हता. तिच्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेलं फुलपात्र होतं. ती सरळ आजीसमोर जाऊन उभी राहिली.

"आजी, पी."

आईने घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजायला दहा मिनिटं होती. "आत्ता? वाजले बघ किती."

"म्हणूनच."

"अगं, पण..."

"आजी, हा तुझ्यासाठी बांधलाय. मेहुण्यांसाठी नाही."

तिचा तो मामा लागतो, पण ती माझा शब्द बोलली, माझ्या आवाजात बोलली आणि माझ्याकडे बघत बोलली. आईने फुलपात्र घेतलं. आधी एक घोट घेतला, जरा थांबली, आणि मग सगळं पाणी घटाघट प्यायली. बहात्तर वर्षांच्या बाईला इतकी तहान असते हे मला माहीत नव्हतं. तिने रिकामं फुलपात्र पुढे केलं, मुलीने भरून आणलं, तेही तिने संपवलं.

"आता थांबावं लागेल थोडं," आई गृहस्थांना म्हणाली. "तुम्ही बसा बाळ."

बाळ बसले. बायको उठली, काचेच्या कपाटाशी गेली आणि काय मनात आलं कोणास ठाऊक, तिने चांगल्या कपबश्या बाहेर काढल्या. गृहस्थांना, मास्तरांना, काकूंना, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मलाही त्या कपातून चहा मिळाला. चहा तोच होता. कप जरा लहान निघाले.

चहा संपता संपता आई उठली. मी हात द्यायला पुढे झालो, तिने नको म्हटलं. ती एकटी आत गेली. दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला, जाड, पक्का. आणि मग आतून ती खोकली.

तो खोकला आम्ही सगळे ओळखत होतो. थांबा, मी आत आहे, दाराला कडी नाही, येऊ नका. काकूंनी कप खाली ठेवला. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आणि मग आत आई हसायला लागली. आधी बारीक, मग मोठ्याने, एकटीच.

"अगं बाई," ती आतून म्हणाली, "मी खोकतेय कशाला?"

तिने दार उघडलं तेव्हा ती दांड्यावरचा हात सोडून सरळ उभी होती. साबणाचं वेष्टन तिने स्वतः फाडलं आणि चांगले खसखसून हात धुतले. गृहस्थ केव्हाच खुर्चीतून उठून उभे राहिले होते. अर्धवट लिहिलेल्या ओळीवर त्यांनी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'वापरात आहे.' मी घाईघाईने पंच आणायला निघालो तर म्हणाले, "राहू द्या साहेब." आणि फाटकापर्यंत पोचवायला गेलो तेव्हा सायकलला टांग मारताना थांबले. "तुमच्या गवंड्याचा पत्ता द्या. आमच्याकडेही आई आहे." मी पत्ता दिला, आणि वर सांगितलं, की खड्डा खणताना एक मास्तरही लागतील, तेही देतो.

त्याला आता आठ महिने झाले. डॉक्टरीणबाई परवा रस्त्यात भेटल्या आणि "आजी बऱ्याच दिवसांत आल्या नाहीत, बऱ्या आहेत ना?" असं काळजीने विचारत होत्या. मुलीची शाळा बुडत नाही, त्यामुळे तिचं गणित कच्चं असल्याचं खरं कारण उघडकीला आलं आहे. आवारातल्या आणखी तीन घरांत काम चालू आहे आणि मास्तरांना जेवायला फुरसत नाही. काकूंनी सगळ्यांच्या आधी बांधून घेतला. आता त्या आणि आई रोज सकाळी पायरीवर बसून बोलतात, टमरेलाशिवाय. नवे टॉवेलही आम्ही वापरायला काढले. ते पहिल्याच धुण्यात फाटले.

पण मला आठवते ती त्याच दिवशीची संध्याकाळ. सगळे गेले होते, बायको कपबश्या विसळत होती आणि मी फुटलेल्या अब्रूचे तुकडे गोळा करत खुर्चीत बसलो होतो. घड्याळात सहा वाजले. आई कॉटवर बसल्या बसल्या म्हणाली, "पाणी दे रे जरा."

मी फुलपात्र भरून नेलं. ती प्यायली, तोंड पुसलं आणि फुलपात्र पालथं न घालता माझ्यापुढे धरलं.

"अजून एक दे," ती म्हणाली. "किती वर्षांची तहान राहिलीय."

मी स्वयंपाकघरात गेलो आणि पिंपाची तोटी सोडून तिथेच उभा राहिलो. फुलपात्र भरून वाहायला लागलं तरी मला दिसलं नाही. मग बायकोने माझ्या हातातून ते काढून घेतलं, तोटी बंद केली आणि बाहेर आईला नेऊन दिलं.